पाहुण्याला सोलापूर कसे दाखवावे?

परगावचा पाहुणा आला म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी विचारतो, "तुमच्या सोलापुरात पाहण्यासारखे काय आहे?" त्याच्या प्रश्नात नवल काही नाही; नवल आहे ते आपल्या उत्तराचे. आपण त्याला तुळजापूरच्या गाडीत बसवून देतो, अक्कलकोटला पाठवतो, सवड असली तर विजापूरचा गोल घुमट सुचवतो. परतताना वाटेतल्या कोणत्या तरी दुकानातून एक चादर त्याच्या पिशवीत पडते. सोलापूर मात्र मुक्कामापुरतेच राहते.

आमच्या मते हे गाव एक अख्खा दिवस देण्याच्या योग्यतेचे आहे. मात्र ते दाखवण्याची रीत आपल्याला ठाऊक हवी. सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. येथील हिंडणे, खाणे आणि खरेदी या तिन्ही गोष्टी कष्टातून निर्माण झाल्या आहेत, आणि तो धागा हाती धरला म्हणजे पाहुण्याला गाव आपोआप उलगडत जाते.

प्रारंभ सकाळी सिद्धेश्वर तळ्यापासून करावा. उन्हाळ्यात येथे पारा चाळीस अंशांवर जातो, म्हणून आठाच्या आत तेथे पोहोचलेले बरे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळे खोदविले, अशी परंपरा आहे. हे सत्पुरुष कन्नड वचनकार होते. आणि लोकांना पाणी मिळवून देणे हेही त्यांनी धर्मकार्यच मानले. पाण्याच्या मधोमध असलेल्या मंदिरात जाऊन आले, की शेजारीच बहमनी काळातला भुईकोट किल्ला आहे. दुहेरी तट, खंदक आणि आतली बाग पाहत सावकाश फिरावे. पौषात, संक्रांतीच्या सुमारास, पाहुणा आला तर त्याचे भाग्यच. नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा त्याला पाहावयास मिळेल.

तेथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यावे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाले. त्याआधी मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला होता. ही चार नावे एकापाठोपाठ एक उच्चारली म्हणजे सोलापूरची वस्ती कशी मिळूनमिसळून आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. सवड असेल तर भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारकही दाखवावे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी चीनला गेला आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तला.

एवढे चालल्यावर भूक लागतेच. दुपारचे जेवण ज्वारीच्या भाकरीचेच असावे. आपल्या जिल्ह्यातील काळी जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात रब्बीची ज्वारी पिकते. मालदांडी ३५-१ हा सुप्रसिद्ध वाण मोहोळ येथेच निवडण्यात आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी, असा पुष्कळांचा समज असतो. तो दूर करावा. ती मुद्दाम पातळ थापून, मंद आचेवर पाण्याचा अंश जाईपर्यंत भाजतात. म्हणूनच ती दिवसेंदिवस टिकते आणि प्रवासाला चालते. आमटीत किंवा दह्यात कुस्करली, की पुन्हा मऊ.

भाकरीबरोबर शेंगाचटणी ओघानेच आली. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ, एवढाच तिचा संसार. भेद आहे तो कुटण्यात. उखळात कुटताना दाण्यातले तेल सुटते, त्यात तिखट व लसूण मुरते आणि चटणीचा मुटका वळतो. यंत्राच्या पात्याने दाणे नुसते चिरले गेले, तर कोरडा भुगा तेवढा होतो. म्हणून चटणी घेताना आधी चिमूटभर बोटांत दाबून पाहावी. तेल बोटांना लागले, तर पाव किलोऐवजी अर्धा किलो घ्यावी. थंडीच्या दिवसांत शेतावर गोवरीच्या आरात भाजलेला हुरडा याच चटणीशी खाण्याची मौज काही औरच.

ऊन कलले म्हणजे बाजार. मधल्या मारुतीच्या आसपासच्या पेठा आणि चाटी गल्ली पायीच हिंडाव्यात. 'चाटी' म्हणजे कापडाचा व्यापारी. गल्लीच्या नावातच तिचा धंदा आहे. पुढे पूर्व भागात गेले, की तेलुगू बोल कानी पडू लागतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. सोलापुरी चादरीचे नाव देशोदेशी गेले ते यांच्या मागांमुळे.

या चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही दुसरीकडे विणलेला, कृत्रिम धाग्याचा माल सोलापुरी नावाने स्वस्तात विकला जातो, आणि ग्राहक फसतो. परीक्षा कठीण नाही. खरी चादर सुती, हाताला भरीव लागते. जेकार्ड मागावर छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी धागे उचलून तिची नक्षी विणतात. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा दिसतो. संशय आल्यास काठाचा एक सुटा धागा घेऊन जाळावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी बनते.

सायंकाळी पार्क चौकाकडे जावे. खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती सारे शहर तेथे लोटलेले असते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाकावर ऐकू येतात. तेथून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठणे सोपे.

येथे एक गोष्ट आपणा गावकऱ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. सोलापूरच्या कापड गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. जे टिकून आहे ते माग, उखळ आणि तवा यांवर. पाहुणा आपल्या शब्दावर विश्वासून पैसे मोजतो. आपण त्याला वाटेल त्या दुकानात नेले, तर चादरीचे नाव सोलापूरचे राहील आणि मजुरी दुसरीकडे जाईल. यासाठी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावे: ही कोठे विणली? सूत कोणते? हे प्रश्न रोज चार गिऱ्हाइकांनी विचारले, तरी दुकानदाराला खरा माल ठेवणे भाग पडेल. पुढच्या पाहुण्याबरोबर जाताना आपण स्वतःपासूनच आरंभ करावा.