सराव-पत्रिका तपासण्याच्या तीन रीती

सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ बागाईतदार बंधूंच्या घरीं पांचवींतलें एखादें मूल नवोदय विद्यालयाच्या किंवा सातारच्या सैनिक शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करीत असतें. सराव-पत्रिकांचीं पुस्तकें आणलीं जातात, रोज एक पत्रिका सोडवून होते, आणि सायंकाळीं वडील विचारतात, "किती पडले?" मूल आंकडा सांगतें व पुस्तक मिटतें. या मिटलेल्या पुस्तकाविषयीं आम्हांस थोडें लिहावयाचें आहे. कारण आमच्या मतें सरावाचें मोठें काम पत्रिका सोडवून झाल्यावरच सुरू होतें.

प्रथम परीक्षांचें स्वरूप. सातारा जिल्ह्याचें नवोदय विद्यालय खावली येथें व सांगलीचें पलूस येथें आहे. सहावीच्या प्रवेशासाठीं दोन तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे असून त्यांस १०० गुण असतात. त्यांपैकीं ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे व २० भाषेचे. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठीं राखलेल्या आहेत, ही आपणां खेडेगांवांतील लोकांस मोठीच सवलत होय. पण सहावीची ही परीक्षा मुलास एकदांच देतां येते. २३ जून १९६१ रोजीं उघडलेल्या सातारच्या सैनिक शाळेंत २०२१ पासून मुलींनाही प्रवेश मिळूं लागला. तिच्या सहावीच्या परीक्षेंत ३०० गुणांपैकीं निम्मे, म्हणजे १५०, एकट्या गणिताचे असतात. खरीप गेला तर रब्बी असतो. नवोदयाच्या परीक्षेंत तशी सोय नाहीं. तेव्हां काय चुकावयाचें तें सराव-पत्रिकेंतच चुकून घेतलें पाहिजे.

तपासणीची पहिली रीत सर्वत्र चालते ती : उत्तरसूची पाहून बरोबर-चूक खुणा करावयाच्या व गुणांची बेरीज मांडावयाची. ऊंस काट्यावर चढला म्हणजे पावतीवर टन कळतात. पण हुमणीनें किती खाल्ला, पाण्याची पाळी कोठें चुकली, हें पावती सांगत नाहीं. गुणांच्या आंकड्याचेंही तसेंच आहे. आणखी एक धोका आहे. बटलर व रोडिगर या संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं, पर्यायी प्रश्नांतील चुकीचे पर्याय वाचून तेच मनांत ठसतात व पुढें उत्तर म्हणून वर येतात. परीक्षेनंतर खरें उत्तर समजावून दिल्यास हा दोष कमी होतो. अर्थात् न तपासलेली पत्रिका नुसती वायां जाते असें नव्हे, ती तण पेरून जाते.

दुसरी रीत म्हणजे पुस्तकाच्या शेवटीं छापलेली रीत वाचणें व वहींत उतरून घेणें. वही सुरेख दिसते, मुलास सर्व समजल्यासारखें वाटतें आणि वडिलांचेंही समाधान होतें. येथेंच फसगत आहे. रोडिगर व कार्पिक यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणाऱ्यांस पांच मिनिटांनीं ८१ टक्के आठवलें व न पाहतां आठवून लिहिणाऱ्यांस ७५. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरलें व आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६. हा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला, गणितावर नव्हे. तो जसाच्या तसा आपल्या मुलांस लागू करूं नये. तरी त्याच सायंकाळीं घेतलेली परीक्षा कां भुलविते, हें त्यावरून कळतें.

तिसरी रीत आम्हांस पसंत आहे. उत्तरसूची वडिलांनीं आपल्या हातीं ठेवावी. चुकलेल्या प्रश्नांचे फक्त क्रमांक मुलास सांगावे, खरें उत्तर सांगूं नये. मुलानें तो प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावा, आणि मग पूर्वीं कोठें घसरलों तें तोंडानें सांगावें. दुसऱ्यांदाही जमलें नाहीं तरच छापील रीत उघडावी.

एक उदाहरण घेऊं. ६० मीटर लांब व ४० मीटर रुंद शेताभोंवतीं तारेचे तीन फेरे घालावयाचे आहेत; तार किती लागेल? पर्याय : २००, ३००, ६००, २४०० मीटर. उत्तर ६००. ज्यानें २०० लिहिलें त्यास परिमिति येते. त्यानें "तीन फेरे" हे शब्द वाचले नाहींत. ज्यानें ३०० लिहिलें त्यानें दोनच बाजूंची बेरीज केली. आणि २४०० लिहिणाऱ्यास क्षेत्रफळ व परिमिति यांतील भेदच कळलेला नाहीं. पहिल्यानें प्रश्नांतील आंकड्यांखालीं रेघ मारण्याची संवय लावावी, दुसऱ्यानें आकृति काढावी, तिसऱ्यास बांधावर नेऊन प्रत्यक्ष चालवावें. उत्तरसूचींत मात्र तिघांनाही सारखीच फुली! करप्यावर व भुरीवर एकच औषध मारणारा बागाईतदार आम्हीं तासगांवाकडे पाहिला नाहीं.

जेथें शंका होती त्या प्रश्नापुढें मुलानें सोडवितांनाच एक ठिपका द्यावा. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी चारांत एक बरोबर येते. म्हणून ठिपक्याचे बरोबर आलेले प्रश्नही तपासावे. मोठ्या मुलांस या ठिपक्याचा उपयोग अधिकच. शेतकी पदवीच्या प्रवेशासाठींच्या राज्य सीईटींत चुकीस गुण कापीत नाहींत, तेव्हां तेथें कांहीं सोडूं नये. वैद्यकीच्या नीट परीक्षेंत बरोबरीस ४ गुण व चुकीस १ वजा, तेथें मात्र आपले ठिपके किती वेळां खरे ठरतात हें माहीत असावें लागतें.

या रीतीस वेळ फार लागतो, हा आक्षेप खरा आहे. सोडविण्यास लागला तितकाच वेळ तपासण्यास जातो व आठवड्यांत सात पत्रिकांऐवजीं तीनच होतात. क्लासांतील शेजारचा मुलगा शंभर पत्रिका संपवितो आणि आपल्याच्या चाळीस होतात, हें पाहून आईबापांचा जीव खालींवर होतो.

ज्यांस आमचें म्हणणें पटत नसेल त्यांनीं घरींच दोन वाफे पाडून पाहावे. एका पत्रिकेंतील चुकलेले दहा प्रश्न घ्यावे; पांच प्रश्नांची छापील रीत मुलाकडून उतरवून घ्यावी, पांच वर सांगितल्याप्रमाणें कोऱ्या कागदावर सोडवून घ्यावे. वही कपाटांत ठेवावी. आठव्या दिवशीं तेच दहा प्रश्न, आंकडे बदलून व क्रम उलटसुलट करून, पुन्हा द्यावे आणि दोन्ही वाफ्यांचें पीक वेगवेगळें मोजावें.