बांधावरची पपई, घरातला पेला



पपईची तोडणी झाली की डागी, वाकडी, जादा पिकलेली फळे मागे राहतात. व्यापारी ती घेत नाही. मग ती जातात उकिरड्यावर नाहीतर गुरांपुढे. आणि त्याच घरातलं पोर सकाळी नुसता चहा पिऊन शाळेला जातं! हे बरोबर नाही. त्या फळाचा घट्ट, पोटभरीचा पेला घरीच करता येतो.

साहित्य (चार पेल्यांसाठी) : पिकलेल्या पपईच्या फोडी २ वाट्या, पिकलेली केळी २, ताजे दही २ वाट्या, भाजून सोललेले शेंगदाणे १ मूठ, मोड आणून दळलेल्या नाचणीचे पीठ २ चमचे, चवीला थोडा गूळ.

कृती : नाचणीचे पीठ कपभर पाण्यात कालवून गुठळ्या न होऊ देता शिजवा व गार करा. शेंगदाण्यांचे बारीक कूट करा. पपई-केळी कुस्करा. मग सारे दह्यात घालून रवीने घुसळा. मिक्सर असेल तर उत्तमच, नसेल तर अडत नाही. मात्र गाळू नका. चोथा गेला तर फळातला निम्मा गुण गेला.

यातून काय मिळते? पिवळ्या-केशरी पपईतून 'अ' जीवनसत्त्व मिळते, ते डोळ्यांना लागते. दाण्यांतले तेल ते अंगी लागायला मदत करते. पपईत 'क' जीवनसत्त्वही आहे, त्यामुळे धान्यातले लोह रक्तात लवकर जाते. नाचणी व दही हाडांसाठी चुना देतात, दाणे व दही प्रथिने देतात. पपईचा हंगाम नसेल तेव्हा पेरू घ्या. पेरूत 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त असते. फक्त पेरूच्या बिया तेवढ्या चाळून काढा.

काळजी घ्या :

१. डाग वरवरचा असेल तर कापून टाका. पण सडलेले, बुरशी आलेले किंवा पाखरा-वटवाघळांनी टोचलेले फळ मुळीच घेऊ नका.

२. बुरशीचे, काळे, कडवट दाणे फेकून द्या. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही.

३. फळ पेंढ्यात पिकवा. कार्बाइडच्या पुड्या वापरू नका. त्याला कायद्याने बंदी आहे.

४. औषध फवारल्यानंतर डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय फळ तोडू नका. कापण्याआधी वाहत्या पाण्याने धुवा.

५. दही तापवलेल्या दुधाचेच लावा. केलेला पेला लगेच प्या, संध्याकाळपर्यंत ठेवू नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गूळ टाळावा आणि किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

एक लक्षात ठेवा. हा पेला भाकरी-भाजीच्या जागी नाही, जोडीला आहे. आणि घरच्या बाईचा पेला सगळ्यांत शेवटी, उरला तर, असे करू नका. चार पेले एकदमच भरा.