मांजरांना गोचीडनाशकाची विषबाधा

रायगडच्या किनाऱ्यावर जाळी कुरतडणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त मांजरच करते. दमट हवेत त्याच्या अंगावर पिसवा व गोचीड होतात, तेव्हा गुरांसाठी वा कुत्र्यासाठी आणलेले औषध त्यालाही लावण्याचा मोह होतो. तो घातक ठरतो. अशा अनेक औषधांतील परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही द्रव्ये निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची शक्ती फार अल्प असते. लाळ गळणे, थरथरणे, झटके ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी अंगावरील औषध कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावे. झटके येत असल्यास मात्र तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. औषधाचे वेष्टन सोबत न्यावे. मांजरासाठी म्हणून नमूद केलेलेच औषध वजनानुसार वापरावे, ही माहिती ग्रामसभेत व शाळेत अवश्य सांगावी.