जुनी डिझेल नौका विकत घेण्यापूर्वी

कोकण किनाऱ्यावरील पुष्कळ कुटुंबांत भातशेती व मासेमारी हे दोन्ही व्यवसाय एकाच घरात चालतात. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. तथापि नवी यांत्रिक नौका बांधण्याचा खर्च प्रत्येकास झेपतोच असे नाही. म्हणून अनेकजण वापरलेली नौका विकत घेतात. नौका जुनी असणे हा दोष नव्हे. ती न पारखता घेणे हा मात्र मोठा दोष होय. बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. नौकेच्या बाबतीत तर पैशाबरोबर खलाशांचे प्राणही पणाला लागलेले असतात. म्हणून नौकेची पारख दोनदा करावी : एकदा जमिनीवर व एकदा समुद्रात. या दोन्ही झाल्याखेरीज पूर्ण किंमत देऊ नये.

जमिनीवरील पाहणी

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तळ पाहण्यास हाच काळ सोयीचा. ताजा रंग पाहून भुलू नये. कित्येकदा तो दोष झाकण्यासाठीच दिलेला असतो. लाकडी नौकेचा पठाण, म्हणजे तळाचा मुख्य कणा, आतील बाकदार लाकडे व पाण्याखाली राहणाऱ्या फळ्या अणकुचीदार हत्याराने ठिकठिकाणी टोचून पाहाव्यात. टोक सहज आत शिरले तर लाकूड कुजले आहे असे समजावे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जीव बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढेच छिद्र पाडतो. आत मात्र बोटाएवढी पोकळी करून ठेवतो. म्हणून बारीक छिद्रे क्षुल्लक मानू नयेत.

फायबरची नौका लाकडी हातोडीने हलकेच ठोकून पाहावी. आवाज टणक यावा. बद्द आवाज आल्यास आतील थर सुटले असण्याचा संभव असतो. पंख्याचा शाफ्ट हाताने वरखाली हलवावा. तो फार हलत असेल तर बेअरिंग झिजले आहे. धातूच्या भागांच्या रक्षणासाठी बसविलेले जस्ताचे ठोकळे झिजून संपले असल्यास पंखा व शाफ्ट यांना खाऱ्या पाण्याने खाल्ले आहे काय, हे बारकाईने पाहावे.

समुद्रातील चाचणी

किनाऱ्यावर वाळलेल्या लाकडी नौकेच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. ती पाण्यात उतरविल्यावर पहिले काही दिवस आत पाणी येणे स्वाभाविक आहे. लाकूड फुगले की ते बहुतांशी थांबते. तोवर थांबून, हवा शांत असताना चाचणी घ्यावी. विक्रेत्याशी संबंध नसलेला अनुभवी तांडेल व इंजिनाचा जाणकार मिस्त्री बरोबर असावा. प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट घ्यावे.

इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. कारण थकलेले इंजिन गरम असताना सहज सुरू होते, थंड असताना कुरकुरते. सुरू करण्यापूर्वी तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. निघताना तळात साचलेले पाणी पूर्ण उपसावे.

धुराचा रंग पुष्कळ काही सांगतो. सुरुवातीचा थोडा धूर सोडून द्यावा. परंतु इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर तेल जळत आहे. पांढरा धूर टिकल्यास डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी जात आहे. दाट काळा धूर म्हणजे इंजिनास हवा अपुरी मिळते, डिझेल जादा जाते, किंवा त्यावर झेपण्यापलीकडचा भार पडतो.

बंदरातल्या बंदरात एक फेरी मारून समाधान मानू नये. नौका निदान दोन तास चालवावी व त्यात काही काळ पूर्ण वेगाने न्यावी. या वेळी तापमान वाढत जाते काय, थंड करणारे पाणी बाहेर सतत पडते काय, तेलाचा दाब टिकतो काय, हे पाहावे. सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवावे आणि नौका मागेही चालवून पाहावी. शाफ्ट जेथून बाहेर जातो तेथे पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी पडणे चालते; धार लागू नये. परतल्यावर तळात किती पाणी साचले ते मोजावे व तेल पुन्हा पाहावे.

कागदपत्रे व व्यवहार

नौकेवरील नोंदणी क्रमांक व इंजिनाचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावेत. बँकेचे किंवा मच्छीमार सहकारी संस्थेचे कर्ज बाकी नसल्याचा लेखी दाखला घ्यावा. मासेमारीचा परवाना आपल्या नावे मिळण्याविषयी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधीच चौकशी करावी. पावसाळ्यात सौदा ठरला तर केवळ इसार द्यावा आणि समुद्रातील चाचणी समाधानकारक झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावी, अशी अट लिहून घ्यावी. आढळलेल्या दोषांचा दुरुस्तीखर्च मिस्त्रीकडून काढून घेऊन तो किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा.

जो विक्रेता समुद्रातील चाचणीस नकार देतो, त्याची नौका कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट खरेदीदारांना सौदा होण्यापूर्वीच समजावून सांगावी. दोष बंदरात कळला तर पैसे वाचतात. तोच खोल समुद्रात कळला तर माणसे वाचविणेही कठीण होते.