राहून गेलेला निरोप

करोनाकाळात, २०२१ मध्ये, ऑस्कर सोहळा अमेरिकेत जेमतेम १ कोटी प्रेक्षकांनी पाहिला. आदल्या वर्षी ते २ कोटी ३६ लाख होते. हसू आणि टाळ्याही संसर्गजन्य असतात. गर्दी नसली की घरी बसलेल्यांचा उत्साहही ओसरतो.

त्याच वर्षी इरफान खान यांना मरणोत्तर फिल्मफेअर मिळाले. मुलगा बाबिल याने ते स्वीकारले. तो मला उशिरा दिलेला निरोप वाटला. टाळेबंदीत वर्सोव्यात त्यांच्या दफनाला मोजकेच लोक होते.

निरोप राहिला की दुःख साचते. झोप, भूक बिघडते. आमच्या ओपीडीत असे रुग्ण येतात. तुमच्या घरीही निरोप राहिला असेल, तर एकत्र बसा, आठवणी काढा. तरीही त्रास हटत नसेल, तर डॉक्टरांशी बोला.