उष्णता जाते कुठे? चारकोपच्या खोलीतली एकवीस वर्षं

२०२५ च्या दिवाळीच्या आदल्या रविवारी माझा भाचा ठाकूर व्हिलेजहून चारकोपला आला तो कोटेशनचा कागद हातात घेऊनच. बारावीनंतर कबूल केलेला गेमिंग पीसी या दिवाळीत घ्यायचा होता. ताईने बजेट ठरवून दिलं होतं आणि बाकी मामाला विचार म्हणून सांगितलं होतं. कागदावर सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, खाली प्रोसेसर, रॅम, मॉनिटर. अगदी तळाला ‘कॅबिनेट, एसएमपीएस – कुठलंही चालेल’.

“मामा, कार्ड कुठलं घेऊ तेवढं सांग.”

मी कागद तळापासून वर वाचायला लागलो. ही सवय मला एकवीस वर्षांत लागली आहे, आणि त्यातल्या प्रत्येक चुकीची किंमत घरातल्या कुणी ना कुणी मोजलेली आहे. त्या दुपारी भाच्याला जे सांगितलं ते सगळं इथे सविस्तर लिहितो, कारण मुंबईच्या उपनगरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत पीसी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगाचं आहे.

सुरुवात २००४ ची. बाबांबरोबर कांदिवलीहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो आणि पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पीसी घ्यायला निघालेला माणूस ते नाव घेत नाही. चार दुकानांतून चार कोटेशनं घेतली आणि संध्याकाळी असेंबल केलेला पीसी घेऊन परतलो. प्रोसेसर पेंटियम ४, त्याच वर्षी बाजारात आलेल्या ‘प्रेस्कॉट’ पिढीतला.

आमचं घर म्हणजे जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने वसवलेल्या चारकोपमधली बैठी खोली. डोक्यावर पत्रा, एका बाजूला खिडकी. आईने हौसेने कॉम्प्युटर टेबल आणलं होतं. त्यात सीपीयूसाठी दार असलेला कप्पा होता. धूळ बसू नये म्हणून ती दार लावून घ्यायची. आणि मे महिन्यात, व्हाइस सिटी खेळता खेळता, पीसी अर्ध्या तासाने बंद पडायला लागला. व्हायरस असेल असं सगळ्यांना वाटलं. दोनदा फॉरमॅट मारून घेतला, दोनदा पैसे दिले. शेवटी एका मित्राने कप्प्याचं दार उघडलं, कॅबिनेटची बाजू काढली आणि समोर टेबलफॅन लावला. पीसी रात्रभर चालला.

दोष आमच्या कप्प्याचा होता तसा त्या प्रोसेसरचाही होता. प्रेस्कॉटच्या मोठ्या मॉडेलांची उष्णता ११५ वॉटपर्यंत जायची. त्याच्या पुढच्या प्रोसेसरला इंटेलने ‘तेजस’ हे नाव ठेवलं होतं. तो मे २००४ मध्ये रद्द झाला, कारण वेग वाढवत नेण्याच्या त्या वाटेवर उष्णता आवरेना. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला तेव्हा ६५ वॉटमध्ये पेंटियमपेक्षा जास्त काम होऊ लागलं. जगातली सगळ्यात मोठी चिप कंपनी ज्या कारणाने वाट बदलत होती, त्याच कारणाने आमचा पीसी चारकोपमध्ये बंद पडत होता. हे मला फार नंतर कळलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पोईसर नदीच्या आजूबाजूला पाणी शिरलं, आमच्या गल्लीतही गुडघाभर चढलं. बाबांनी सगळ्यात आधी गव्हाचा डबा आणि नंतर सीपीयू माळ्यावर चढवला. त्या दिवसापासून आमच्या घरात कॅबिनेट जमिनीवर ठेवलेलं नाही. लादीलगतची धूळ आत कमी जाते, हा त्याचा दुसरा फायदा पुढे लक्षात आला.

२००८ मध्ये पहिल्या पगारातून जीफोर्स ९६०० जीटी कार्ड घेतलं. कार्डाची भूक ९५ वॉटची. आत एसएमपीएस होता तो कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, लेबलवर ४५० वॉट लिहिलेला. दुकानदाराला विचारलं तर आरामात चालेल म्हणाला. तीन आठवड्यांनी जळका वास आला आणि एसएमपीएसबरोबर मदरबोर्डही गेला. त्या लेबलावरचा आकडा सगळ्या लाइनींची बेरीज करून छापलेला होता. कार्डाला लागते ती १२ व्होल्टची लाइन, आणि तिच्यात तेवढा जोर नव्हता.

त्या महिन्यात मी हिशेब शिकलो. आतल्या भागांना ३०० वॉट हवे असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर भिंतीतून जवळपास ४२८ वॉट खेचले जातात. मधले १२८ वॉट कॅबिनेटमध्येच उष्णता होऊन राहतात. तीच कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर वाया जातात फक्त ५३. म्हणजे चांगला एसएमपीएस हाही कूलिंगचाच भाग आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा अर्थ मला तेव्हा कळला. आजही बजेट तुटायला लागलं की लोक पहिली कात्री इथेच लावतात, आणि मला ते पाहवत नाही.

२०१२ पासून मी एक वही ठेवली आहे. बाबांची हिशेबाची असायची तशीच, लाल पुठ्ठ्याची. तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं, कार्डाचं. आधी एक साधा थर्मामीटर आणून भिंतीला लावला, कारण एक गोष्ट मला छळत होती. परीक्षणांत वाचलेले आकडे माझ्या पीसीवर कधीच येत नसत. त्या वर्षी हायपर २१२ इव्हो हा टॉवर कूलर बसवला, तरी तीच गत. वहीने उत्तर दिलं. पंख्याचा कूलर कितीही महाग असला तरी चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांच्यातलं अंतर कमी करतो. परीक्षणं होतात २१-२२ अंशांच्या खोलीत. चारकोपच्या खोलीत मे महिन्यात रात्री आठ वाजता ३३ अंश असतात. म्हणून कुठलाही आकडा वाचला की त्यात मी अकरा-बारा अंश मिळवतो आणि मग विचार करतो.

याच्याच पुढची पायरी म्हणजे खोलीचा विचार. उष्णता संपत नाही, ती जागा बदलते. चिपमधून हीटसिंकमध्ये, हीटसिंकमधून कॅबिनेटमध्ये, तिथून खोलीत. पीसीने ४०० वॉट खेचले तर खोलीत जुन्या शंभर वॉटचे चार दिवे लावल्यासारखं होतं. खोली बंद असेल तर तासाभरात खोलीच तापते, आणि तीच तापलेली हवा पुढचे पंखे पुन्हा आत ओढतात. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर टाकू शकतो. असा पीसी त्यातला नववा हिस्सा एकटा खातो आणि त्याचं बिल वेगळं येतं. एसी नसेल तर उरते खिडकी.

म्हणूनच या सगळ्या वर्षांतली माझी सगळ्यात चांगली खरेदी महागडी नव्हती. फेब्रुवारी २०१४ मध्ये जीटीएक्स ७५० टीआय आलं. ६० वॉट. एसएमपीएसमधून वेगळी वायरसुद्धा लागत नव्हती, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच पुरेशी वीज मिळायची. २०१५ मध्ये पीसीवर जीटीए ५ आला, तो त्यावर नीट चालला. आई त्याच खोलीत टीव्ही बघत बसायची. “आज तुझं मशीन घोंघावत नाही रे,” ती म्हणाली होती. त्या वाक्याची नोंदही वहीत आहे.

मग आली धूळ. साधारण २०१६ पासून लिंक रोडवर मेट्रोचं काम सुरू झालं. एप्रिल २०२२ मध्ये डहाणूकरवाडी ते दहिसर गाडी धावली, तोवर आणि त्यानंतरही, इमारतींच्या पुनर्विकासामुळे, सिमेंटची बारीक पूड घराघरांत येत राहिली. खाडीकडून येणारी दमट हवा आणि ही पूड मिळून हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसतो. तो फुंकून जात नाही. रंगकामाचा मऊ ब्रश लागतो, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. आमच्याकडे हे काम वर्षातून तीनदा होतं: होळीनंतर, गणपतीआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलतो. तुरीच्या डाळीएवढा थेंब पुरतो.

याच काळात मी एक चूक केली. २०१८ मध्ये पुढे अख्खी काच असलेलं, आत दिवे असलेलं कॅबिनेट घेतलं. तेव्हा तीच फॅशन होती. पुढच्या तीन पंख्यांना हवा यायला बाजूची बोटभर फट तेवढी. वहीत ओळीला ओळ लागून नोंद आहे: काच लावून कार्ड ८३, काच काढून ७४. नऊ अंश केवळ एका काचेपायी. पुढे जाळीच्या तोंडाची कॅबिनेटं पुन्हा सर्रास मिळू लागली तेव्हा पहिली मी घेतली. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. येते ती गाळणीतूनच येते.

२०२० ते २०२२ या काळात काही घेण्याचा प्रश्नच नव्हता. सगळं घर एकाच छताखाली काम आणि शाळा करत होतं, आणि ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोच्या खाणींत जात होती. जी मिळत ती छापील किमतीच्या कितीतरी वर. तेव्हा आहे तेच जपायला शिकलो. कार्डाची वीज-मर्यादा ८० टक्क्यांवर आणली. फ्रेम त्या प्रमाणात घटत नाहीत, तापमान आणि आवाज मात्र लगेच उतरतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमही ६० फ्रेमवर बांधून टाकावा. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी खोली तापवण्यात अर्थ नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती खाणपद्धत सोडली आणि सेकंड हँड बाजारात कार्डांचा पूर आला. मी त्यातलं घेतलं नाही. रात्रंदिवस तापलेल्या कार्डाचे पंखे आणि पॅड किती उरले आहेत, हे दुकानात उभं राहून कळत नाही.

त्याऐवजी प्रोसेसर बदलला. एएमडीचं एएम४ सॉकेट हा आपल्यासारख्या ग्राहकाला मिळालेला मोठाच आधार. २०१९ मध्ये रायझन ५ ३६०० बरोबर घेतलेल्या मदरबोर्डवर नुसता बायोस अपडेट करून ५६००एक्स बसला. दोन्ही ६५ वॉटचे. कूलर तोच, एसएमपीएस तोच, खोलीवरचा भार तोच. मला अपग्रेड म्हणतात ते हेच वाटतं.

बाजार मात्र उलट्या दिशेने चालला आहे. आरटीएक्स ४०९० ने ४५० वॉट मागितले, ५०९० ने ५७५. अशी कार्डं मोठ्या एसी खोलीत शोभतात. पण त्याच पिढ्यांत ४०६० ने ११५ वॉटमध्ये ते केलं ज्यासाठी ३०६० ला १७० लागत होते, आणि त्यावर फारसं कुणी बोललं नाही.

हे सगळं ऐकल्यावर भाच्याने विचारलं, “मग आधी काय ठरवायचं?”

“वॉट,” मी म्हणालो. “तुझी खोली किती वॉट सोसेल ते आधी. कार्ड मग आपोआप ठरतं.”

त्याच्या खोलीत एसी नाही. खिडकी पश्चिमेला, म्हणजे दुपारी खोली तापलेलीच असते. आम्ही सगळं मिळून ३०० वॉटच्या आत बसवायचं ठरवलं. कार्ड १४५ वॉटचं ५०६०, प्रोसेसर ६५ वॉटचा, ८० प्लसचा ५५० वॉटचा एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट. लिक्विड कूलर कोटेशनमधून काढला, कारण त्याचा पंप गेला की सगळा कूलरच टाकावा लागतो. टॉवर कूलरचा पंखा गेला तर नवा पंखा बसतो. त्यातून वाचलेले पैसे रॅममध्ये घातले. ते बरंच झालं, पुढच्या दोन महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीपायी रॅमचे भाव भराभर चढले.

पाडव्याला पीसी जोडला. टेबल आतल्या कोपऱ्यातून काढून खिडकीशी आणलं, कॅबिनेटची मागची बाजू ग्रिलकडे केली, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं. खिडकीत वर एक छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला. एका कार्डाच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नव्हती.

रात्री अकराला त्याचा फोटो आला. मला वाटलं गेमचा असेल, नाहीतर दिव्यांचा. फोटो होता एका नव्या वहीच्या पहिल्या पानाचा. वर तारीख, खाली त्याच्या अक्षरात: खोली २९, प्रोसेसर ६१, कार्ड ६६. आणि त्याखाली, “मामा, मेमध्ये किती धरू?”