नेटबीन्स : नको असलेला कोड हटेना?

जावाच्या मिनी प्रोजेक्टच्या दिवसांत आमच्या विंगमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. "बटणावर डबल क्लिक झालं, नको ते फंक्शन आलं, आणि आता डिलीटच होत नाही यार!"

कारण सोपं आहे. आपण माऊसने मांडलेल्या फॉर्मचा आराखडा 'डॉट फॉर्म' या एक्सएमएल फाईलमध्ये साठतो. त्यावरून डिझायनर 'इनिटकम्पोनन्ट्स' हे फंक्शन पुन्हा पुन्हा लिहून काढतो. म्हणून तो भाग लॉक असतो. काहीजण नोटपॅडमध्ये जाऊन नुसतं खालचं फंक्शन उडवतात. पण त्याला बोलावणारी ओळ वर शिल्लक राहते आणि कम्पायलर बोंबलतो.

मग करायचं काय? डिझाईन व्ह्यूत बटण सिलेक्ट करा. प्रॉपर्टीजमधल्या इव्हेंट्स टॅबमध्ये 'अॅक्शनपरफॉर्म्ड'समोर 'नन' निवडा. झालं! स्वतःची ओळ घालायची असेल, तर कोड टॅबमध्ये 'पोस्ट-क्रिएशन कोड' आहे.

आणि हो, पेनड्राईव्हवर डॉट जावासोबत डॉट फॉर्मही घ्या. ती राहिली तर प्रोग्राम चालेल, पण डिझाईन व्ह्यू मिळणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा फॉर्म परत कोण मांडणार?

शेवटी, कोड टूलने लिहिला तरी व्हायवा आपलीच असते. एकदा वाचून ठेवा!